आधी भाऊ, मग अधिकारी
वाचन: १ तीमथ्य २:१-४



२०२४ साली आम्ही नामपूरकरांनी दोनदा मतदान केले, २० मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. आमच्या धुळे लोकसभेचा निकाल अवघ्या ३,८३१ मतांनी लागला. एवढ्या फरकाने घराघरांत वाद झाले, आमच्याही घरात झाला. जेवताना मी थोरल्या भावाला टोचून बोललो. तो भरल्या ताटावरून उठला. आईने त्याची भाकरी झाकून ठेवली. नंतर चाळीतले कांदे निवडतानाही आमचे बोलणे नव्हते.

रविवारी मंडळीत मला राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले. मी वरील अध्याय उघडला. राजे व अधिकारी दुसऱ्या वचनात आहेत. पहिल्या वचनात पौल सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती करायला सांगतो. हे वचन मी नेहमीच घाईने वाचून पुढे जात असे. रोमचा सम्राट काही लोकांनी मत देऊन निवडलेला नव्हता, तरी पौल त्याच्यासाठीही प्रार्थना करा म्हणतो, ती आपले आयुष्य शांतीने जावे म्हणून. अधिकाऱ्यांसाठी मला शब्द सुचले. भावाबद्दल उपकारस्तुती करताना मात्र जीभ अडली.

संध्याकाळी ओट्यावर जाऊन म्हणालो, “दादा, चुकलो.”

“चहा घे आधी,” तो म्हणाला.

नोव्हेंबरात वस्तीवरची काही कुटुंबे ऊसतोडीला निघून गेली होती. त्यांच्यासाठी घरी प्रार्थना करून आम्ही दोघे एकाच मोटारसायकलवर मतदानाला गेलो. कोणाला मत दिले, हे मी त्याला विचारले नाही.