घरच्या घरी मार्शमेलो फोंडंट

वाढदिवसाला केक कापण्याची रीत आता गोंदिया शहरापुरती राहिलेली नाही. तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या गावीच नव्हे, तर आठवडी बाजाराच्या लहान गावांतूनही केकला मागणी असते. बचत गटातील कित्येक भगिनी घरी केक करून विकतात. साध्या क्रीमच्या केकपेक्षा वर बाहुली, ट्रॅक्टर किंवा बैलजोडी बसविलेल्या केकला बराच जास्त भाव मिळतो. ही सजावट साखरेच्या मळलेल्या गोळ्यातून करतात. त्याला फोंडंट म्हणतात. तयार फोंडंट मोठ्या शहरातून मागवावे लागते, ते महाग पडते आणि फोडलेले पाकीट नीट न झाकल्यास वाळून वाया जाते. घरी केल्यास त्याचा दोन तृतीयांश भाग निव्वळ साखर असते. म्हणून ते घरी करणे केव्हाही परवडते.

मात्र दोन गोष्टींत नुकसान होण्याचा संभव असतो. एक म्हणजे पाणी, आणि दुसरी जिलेटिन. पहिलीत माल बिघडतो, तर दुसरीत गिऱ्हाइकाचा विश्वास जातो. म्हणून कृतीबरोबरच या दोन्ही बाबींचा येथे विचार केला आहे.

फोंडंट हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'वितळणारे' असा आहे. नाव परके असले तरी वस्तू अगदीच अनोळखी नाही. होळीला मुलांच्या गळ्यात घालतो त्या साखरेच्या गाठी आठवाव्यात. गाठी करताना पाक घोटून साखरेचे कण पुन्हा जमू देतात आणि तो साच्यात ओतला की कडक होतो. फोंडंटमध्येही साखरेचे कणच असतात, परंतु ते अतिशय बारीक ठेवून त्यांच्याभोवती घट्ट पाकाचा पातळ थर राखलेला असतो. त्यामुळे गोळा कडक न होता मऊ राहतो व लाटता येतो. कण मोठे होऊ नयेत म्हणून लिक्विड ग्लुकोज घालतात. लाटताना गोळा ताणला जावा, तुटू नये, यासाठी जिलेटिन असते. मार्शमेलो ही जिलेटिन व पाक घोटून केलेली फुगीर मिठाई आहे, म्हणजे ग्लुकोज आणि जिलेटिन त्यात आधीच असतात. म्हणून मार्शमेलो वितळवून त्यात आयसिंग शुगर मळली की फोंडंट तयार होते.

मार्शमेलो हे मुळात एका झाडाचे नाव आहे. युनानी औषधांत त्याला खतमी म्हणतात. त्याच्या मुळांतील बुळबुळीत चिकापासून पूर्वी ही मिठाई करीत. आता तिच्यात त्या झाडाचा अंशही नसतो, फक्त नाव उरले आहे. हे झाड आपल्या भेंडी, अंबाडी आणि कपाशीच्या कुळातले आहे. गूळ करताना उसाचा रस निवळावा म्हणून काहिलीत भेंडीचा चिक टाकतात, तो याच जातीचा पदार्थ होय.

बाजारात मार्शमेलोची पाकिटे मिळत असल्यास ४५० ग्रॅम मार्शमेलो, २ मोठे चमचे (३० मि.लि.) पाणी आणि सुमारे ९०० ग्रॅम आयसिंग शुगर असे प्रमाण घ्यावे. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर दुसरे भांडे ठेवावे व त्या वाफेवर मार्शमेलो वितळवावे. थेट आचेवर ठेवू नये, तळ लागतो.

पाकीट न मिळाल्यास मार्शमेलोही घरीच करता येते आणि ते गरम असतानाच त्यात साखर मळता येते. त्यासाठी १० ग्रॅम खाण्याचे जिलेटिन ५० मि.लि. थंड पाण्यात १० मिनिटे भिजत ठेवावे. २०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज व ६० मि.लि. पाणी एकत्र करून मंद आचेवर साखर विरघळू द्यावी. उकळी आल्यावर ढवळू नये, ढवळल्यास कण जमतात. पाकाचे तापमान ११६ अंश सेल्सिअस झाले की भांडे उतरवावे. तापमापक नसल्यास वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून पाहावा. बोटांत दाबली जाईल अशी मऊ गोळी झाली म्हणजे पाक झाला. पाक दोन-तीन मिनिटे निवू द्यावा, कारण जिलेटिन जास्त उष्णतेत राहिल्यास त्याची पकड कमी होते. नंतर भिजलेल्या जिलेटिनवर पाक बारीक धारेने ओतीत बीटरने घोटत राहावे. आठ-दहा मिनिटांत मिश्रण पांढरे, फुगीर आणि दाट होते. स्वादासाठी व्हॅनिला इसेन्सचे थेंब चालतात. ताज्या पपईचा किंवा अननसाचा रस मात्र घालू नये, त्यातील पाचक द्रव्य जिलेटिन तोडून टाकते व गोळा बांधला जात नाही.

आता ९०० ग्रॅम आयसिंग शुगर घ्यावी. तीही घरी करता येते. एक किलो साखर मिक्सरमध्ये अगदी बारीक करून त्यात ३० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर मिसळावे आणि मलमलच्या कापडातून चाळावे. चाळण्याचा कंटाळा केल्यास फोंडंट दाताखाली करकरते आणि केकच्या कडेवर ओढताना चिरते. आपला जिल्हा धानाचा असल्याने कॉर्नफ्लॉवरऐवजी तांदळाची पिठी का वापरू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. तांदळातील स्टार्चचा कण मक्याच्या कणापेक्षाही बारीक असतो, हे खरे आहे. पण गिरणीच्या पिठीत ते कण सुटे झालेले नसतात, शिवाय पिठी कच्ची असते आणि फोंडंट पुढे शिजवले जात नाही. म्हणून पिठी वापरू नये, लाटताना भुरभुरण्यासाठीसुद्धा नाही.

एकूण साखरेपैकी ६०० ग्रॅम साखर मिश्रणात थोडी थोडी घालून मोठ्या चमच्याने मिसळावी. १५० ग्रॅम परातीत पसरून हातांना वनस्पती तूप लावून त्यावर गोळा मळावा. उरलेली १५० ग्रॅम बाजूला ठेवावी व लागेल तशीच घ्यावी. आठ-दहा मिनिटे मळल्यावर गोळा हाताला चिकटत नाही आणि ओढल्यास लगेच तुटत नाही. त्याला तुपाचा हात फिरवून प्लॅस्टिकमध्ये हवा न ठेवता गुंडाळावे, घट्ट झाकणाच्या डब्यात घालावे आणि रात्रभर मुरू द्यावे. ही पायरी टाळू नये. रात्रभरात पाणी सगळीकडे सारखे मुरते व दुसऱ्या दिवशी गोळा गुळगुळीत लाटला जातो.

पाण्याचा हिशोब असा आहे. वरील प्रमाणाने सुमारे १३५० ग्रॅम गोळा होतो आणि त्यात जेमतेम १०० ग्रॅम पाणी असते, म्हणजे शंभर भागांत सात-आठ भाग. एवढ्या कमी पाण्यावर सर्व खेळ चालतो. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मि.लि. पाणी जास्त पडले तर तोच घट्टपणा येण्यासाठी जवळजवळ ६० ग्रॅम साखर वाढवावी लागते. म्हणून पाणी डोळ्यांनी न मोजता मापाने घ्यावे.

धान साठविताना ओलावा १४ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि हवा दमट झाली की वाळलेले धान पुन्हा ओलावा घेते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. साखरेचेही तसेच आहे. निव्वळ साखर हवेतील आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत असेतो कोरडी राहते, पण तिच्यात ग्लुकोज मिसळले की त्याहून बरीच कमी आर्द्रता असली तरी ती पाणी ओढू लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दिवसचे दिवस दमट राहते. त्या काळात उघडे फोंडंट तासाभरात चिकचिकीत होते, बाहुलीचे हात गळतात, रंग ओघळतो. याउलट मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की लाटून ठेवलेल्या पोळीवर काही मिनिटांतच पापुद्रा धरतो आणि ती केकवर टाकताच कडेला तडे जातात. म्हणून पावसाळ्यात जिलेटिन भिजवायला ५० ऐवजी ४० मि.लि. पाणी घ्यावे, झडीच्या दिवशी उभ्या बाहुल्यांची मागणी शक्यतो घेऊ नये आणि एका आठवड्याला पुरेल एवढेच फोंडंट करावे. उन्हाळ्यात ६० मि.लि. पाणी घेऊन खाण्याचे ग्लिसरीन दोन चमचे (१० मि.लि.) घालावे व लाटलेली पोळी प्लॅस्टिकखाली झाकावी. ओल्या फडक्याने झाकू नये, वरचा थर विरघळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला उत्तम. तेव्हा नीट गुंडाळलेला गोळा तीन-चार आठवडे चांगला राहतो. लग्नसराईचा पूर्वार्धही याच काळात येतो, हे सोयीचेच आहे.

फोंडंट फ्रीजमध्ये ठेवण्याची चूक सर्रास होते. फ्रीजमधून काढलेल्या थंड केकवर बाहेरच्या हवेतील पाणी दवासारखे जमते आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. नेहमीच्या फेटलेल्या क्रीमवरही फोंडंट घालू नये, क्रीममधील पाणी वर चढून ते वितळते. केकला आधी लोणी व आयसिंग शुगर १:२ प्रमाणात फेटून केलेला थर द्यावा. कडक उन्हाळ्यात लोणी टिकत नाही, तेव्हा चॉकलेटचा घट्ट थर बरा.

२० सें.मी. व्यासाच्या आणि १० सें.मी. उंचीच्या केकसाठी पोळीचा व्यास किती हवा? केकचा व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची, म्हणजे ४० सें.मी., आणि कडेला सोडायला तीन सें.मी. पोळी ३ ते ४ मि.मी. जाड लाटावी. त्याला ६५० ते ८०० ग्रॅम गोळा लागतो. कापून उरलेले तुकडे पुन्हा मळून वापरता येतात, त्यामुळे एका घाण्यात असे दोन केक बेताने होतात. गोळा चिरत असल्यास तुपाचा हात लावून मळावा. तेवढ्याने न भागल्यास पाण्याचे दोन-चार थेंब द्यावेत, अधिक नाही.

रंग पेस्टच्या स्वरूपातील, खाद्यपदार्थांसाठी परवानगी असलेला आणि पाकिटावर तसे छापलेला असावा. पातळ रंगाने पाणी वाढते. गडद लाल किंवा काळ्या रंगाच्या हौसेपायी डबीभर रंग ओतणे बरे नाही. त्याने चवही कडवट होते आणि रंगाच्या प्रमाणाला कायद्याने मर्यादा आहे.

आता जिलेटिनविषयी. जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढतात. अन्न सुरक्षा कायद्याच्या नियमांप्रमाणे दूध, दुग्धजन्य पदार्थ व मध यांसारखे अपवाद सोडता प्राण्यांपासून मिळालेला कोणताही घटक असलेले अन्न मांसाहारी ठरते. म्हणजे 'बिनअंड्याचा केक' म्हणून विकलेल्या केकवर मार्शमेलो फोंडंट असेल तर तो केक शाकाहारी राहत नाही. आपल्या भागात माळकरी, महानुभाव, जैन, मारवाडी अशी अनेक कुटुंबे बिनअंड्याचा केक विश्वासाने मागतात. त्यांनी अंड्याविषयी विचारले आणि आपण अंड्याविषयीच उत्तर दिले, एवढ्याने जबाबदारी संपत नाही. जिलेटिन आहे हे मागणी घेतानाच तोंडी सांगावे आणि खोक्यावरही लिहावे. पाकीटबंद मालावर मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह असते, शाकाहारीसाठी हिरव्या ठिपक्याचे. मार्शमेलोचे पाकीट विकत घेताना हे चिन्ह पाहून घ्यावे. घरून केक विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहेच.

शाकाहारी फोंडंटसाठी जिलेटिनऐवजी चायना ग्रास (अगर) वापरता येते. ते समुद्री शेवाळापासून मिळते. ४ ग्रॅम अगर पावडर ६० मि.लि. पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावी, त्यात १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, एक मोठा चमचा ग्लिसरीन व तेवढेच वनस्पती तूप घालून गरम असतानाच आयसिंग शुगरमध्ये ओतावे आणि मावेल तेवढ्या साखरेत मळावे. गार होऊ दिल्यास गुठळ्या धरतात, कारण अगर एकदा गोठले की सुमारे ८५ अंशांशिवाय पुन्हा वितळत नाही. जिलेटिन मात्र हाताच्या उबेने सैल होते. अगरच्या गोळ्याला ताण कमी असतो. तो लहान केकला व सपाट सजावटीला चालतो, उंच केकच्या कडेवर चिरतो. त्यात खाद्य दर्जाची सीएमसी पावडर अर्धा चमचा मळल्यास बरीच सुधारणा होते. पहिल्यांदा निम्म्या प्रमाणात करून पाहावे आणि मगच मागणी स्वीकारावी.

साखरेची फुले, पाकळ्या करण्यासाठी विदेशात ट्रॅगाकँथ नावाचा डिंक वापरीत आले आहेत. त्याच्याऐवजी चालणारा म्हणून आपल्या जंगलातील कांडोळ (कुलू) या झाडाचा कराया डिंक जगभर गेला व त्याला 'इंडियन ट्रॅगाकँथ' असे नावही पडले. गोंद, म्हणजे डिंक, यावरून गोंदियाचे नाव पडले असेही सांगतात. परंतु जंगलातून आणलेल्या कच्च्या डिंकात सालीचा भुगा व माती असते आणि कराया डिंकाला आंबूस वासही येतो. तो तसाच कुटून विक्रीच्या केकमध्ये घालू नये, स्वच्छ केलेली खाद्य दर्जाची पावडरच घ्यावी.

लहान नक्षीसाठी महागडे साचे विकत घेण्याची गरज नाही. घरी होळीच्या गाठीचे लाकडी साचे असल्यास ते धुऊन पूर्ण वाळवावेत, कॉर्नफ्लॉवरचा पातळ हात द्यावा, फोंडंटची गोळी दाबून भरावी आणि साचा उलटा करून हलकेच आपटावा. फूल किंवा पदक अखंड निघते. ते पंख्याखाली रात्रभर वाळवून केकवर पाण्याच्या एका थेंबाने चिकटवावे.