मुळ्यावरील अळी : एक निरीक्षणपाठ

हिवाळ्यात रावेरकडील मळ्यांत मुळ्याच्या वा मोहरीच्या पानांना भोके दिसली, की पाने उलटून पाहावी. तेथील काळपट हिरव्या अळीस फुलपाखराची अळी समजण्याची चूक आपण शिक्षकही करतो. मुलांना पोटाखालचे मांसल पाय मोजावयास सांगावे. फुलपाखराच्या अळीस ते पाच जोड्यांहून अधिक नसतात. हिला आठ जोड्या असतात. स्पर्श होताच ती वेटोळे करून खाली पडते, म्हणून खाली कागद धरावा.

ही करवती माशीची अळी. माशी नारिंगी अंगाची, गांधीलमाशीच्याच गणातील. परंतु तिची कंबर बारीक नसते व ती डंख करीत नाही. मादी करवतीसारख्या अवयवाने पान चिरून आत अंडी घालते. फुलपाखरांच्या अळ्यांवरील नेहमीचे जिवाणूजन्य औषध हिला बाधत नाही. ओळख चुकली तर शेतकऱ्याचा पैसा व्यर्थ जातो.