पिल्लाची चावरी खोड

बेगम बाजारात खाली दुकान आणि माडीवर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ. तिथले पिल्लू जिन्यावरून धावत येऊन हमालाच्या पायाला दात लावते आणि आपण हसतो. पाठीवर मिरचीचे पोते असलेला माणूस अडखळला, तर त्याची कंबर जायची!

चौथ्या ते सहाव्या महिन्यात पिल्लाचे दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चावते. त्याला मारू नये. भ्यालेले कुत्रे पुढे खरेच चावते. दात लागताच आम्ही खेळ थांबवतो, पाठ फिरवतो. शांत झाले की ओल्या फडक्याची घट्ट गाठ आपल्यासमोर चघळायला देतो. नियम मात्र घरातल्या सर्वांचा एकच हवा. आजोबांनी गुपचूप लाड केले की आठवड्याची मेहनत फुकट!

तीन महिन्यांचे होताच पिल्लाला रेबीजची लस टोचावी. कोणाला दात लागून रक्त आले, तर मिरची दुकानातच राहू द्यावी. जखमेवर हळद, चुनाही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नारायणगुड्याच्या प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन संस्थेत लस देतात.