चॅनेल किती, हे शेवटी विचारा

“किती चॅनेलचं घ्यायचं, चार की आठ?” चर्चसाठी व्हिडिओ रेकॉर्डिंगचं सामान घ्यायचं ठरलं की पंचकमिटी असो वा पॅरिश कौन्सिल, पहिला प्रश्न हाच येतो. खोक्यावर छापलेल्या आकड्यांपैकी हा एकच सगळ्यांना कळतो, म्हणून तो आधी विचारला जातो. मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली, त्या वर्षीचा पवित्र सप्ताह अनेक कुटुंबांनी मोबाइलवर पाळला आणि तेव्हा घाईघाईत आत आलेला कॅमेरा पुढे आतच राहिला. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आणि आखातात नोकरीला गेलेली मुलं यांच्यासाठी तो राहावा, हे मला मान्यच आहे. मात्र घाईने खरेदी करण्याची सवयही त्याच्यासोबत राहून गेली. या कामात मी केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुकांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. यंत्राला किती कॅमेरे जोडता येतात ते आपण बघतो; आपली चूक ते कितपत सावरू देतं, ते बघत नाही. चूक तर होणारच. मिस्सा असो वा उपासना, ती एकदाच होते. ख्रिस्तप्रसादाची रांग पुन्हा लावा असं फादरांना सांगता येत नाही. शिवाय बटणं दाबायला असतो बारावीतला एखादा उत्साही स्वयंसेवक. तो तयार होईपर्यंत त्याचं वर्ष संपतं आणि तो शिकायला दुसऱ्या गावी जातो.

सगळ्यात स्वस्त मोह सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा. आवारात सुरक्षेसाठी तो बसवलेलाच असतो; आणखी दोन कॅमेरे वेदीकडे वळवले की आठ चॅनेलचं रेकॉर्डिंग झालंच की, असं वाटतं. तो डबा वाईट नाही, त्याचं काम निराळं आहे. चोर कोणत्या दरवाज्याने आला हे काही दिवसांनी दाखवायचं, आणि डिस्क भरली की जुनं पुसून नवं लिहायचं. म्हणजे नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा कुणाच्या लक्षात यायच्या आत आपोआप पुसली जाऊ शकते. कमी जागेत जास्त दिवस मावावेत म्हणून एका कॅमेऱ्याच्या वाट्याला सेकंदाला साधारण २ ते ४ मेगाबिट येतात. मेणबत्त्यांच्या उजेडातला पास्काविधी एवढ्यात मावत नाही. अंधाराचे चौकोन होतात. आवाजाची गत त्याहून वाईट. बऱ्याच डीव्हीआरमध्ये आवाजासाठी जी.७११ ही १९७२ साली टेलिफोनसाठी प्रमाण ठरलेली पद्धत असते. तिच्यात सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. ‘स’ची शीळ बहुतांश त्याच्या वरच असते. फोनवर स्पेलिंग सांगताना ‘एस’ की ‘एफ’ असं पुन्हा विचारावं लागतं ते यामुळेच. अशा आवाजात प्रवचन कसंबसं कळेल, गायनमंडळाचं गाणं नाही.

पुढची पायरी स्विचरची. तीन-चार कॅमेरे जोडायचे, त्यातलं एकेक चित्र निवडत जायचं आणि निवडलेलं तेवढंच साठवायचं. बरीच चर्च इथे थांबतात, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. जे निवडलं नाही ते कायमचं गेलं. साठ मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादात एकाच्या वेळी पडद्यावर फुलदाणी राहिली, तर त्याच्या आईला काय उत्तर देणार? म्हणून निवडलेल्या चित्रासोबत प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र फाइलही साठवणारं यंत्र घ्यावं. या धंद्यात त्याला आयएसओ रेकॉर्डिंग म्हणतात. (मालाच्या दर्जाबद्दलच्या आयएसओ प्रमाणपत्राशी त्याचा काही संबंध नाही, विक्रेत्याने तसं भासवलं तर सावध व्हा.) ब्लॅकमॅजिकने २०२० मध्ये आणलेला एटीईएम मिनी प्रो आयएसओ हा याचा परिचित नमुना. चार कॅमेऱ्यांच्या चार फाइली आणि मिश्रणाची पाचवी तो एकाच यूएसबी डिस्कवर लिहितो. कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबलं याची नोंदही ठेवतो. ती नोंद डाविंची रिझॉल्व्हमध्ये उघडली की अख्खा कार्यक्रम नव्याने जोडावा लागत नाही, चुकलेली जागा तेवढी बदलता येते. इतर कंपन्यांची यंत्रंही आहेत. नाव कुठलंही असो, हा गुण मागा.

यावर पहिली हरकत जागेची, आणि ती रास्त आहे. एका फाइलला सेकंदाला ५० मेगाबिट धरले तर तासाला २२.५ जीबी होतात. पाच फाइलींचे ११२, दीड तासाच्या मिस्सेचे जवळजवळ १७०. वर्षाच्या बावन्न रविवारांचे पावणेनऊ टीबी. पण हे सगळं जपायला सांगतंय कोण? सुट्या फाइली चूक सावरेपर्यंत हव्यात. नेहमीच्या रविवारी पंधरवड्यात त्या पुसून तयार झालेली एकच ठेवावी. सुट्या जपायच्या त्या गुरुदीक्षा, पहिला ख्रिस्तप्रसाद, चर्चचा वर्धापन अशा दिवसांच्या, आणि त्याही दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत.

आता आवाज. चित्र हललेलं माणसं चालवून घेतात, न कळणारं प्रवचन घेत नाहीत. तरी खरेदीच्या यादीत आवाजाची ओळ सगळ्यात खाली असते. कॅमेऱ्याच्याच माइकवर विसंबू नये याचं कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वेदीपासून ३४ मीटरवरच्या माडीवर कॅमेरा असेल, तर शब्द तिथे पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे अडीच फ्रेम, निघून गेलेला असतो, आणि वाटेत उंच छताचा घुमारा त्यात मिसळतो. म्हणून साउंड मिक्सरमधून वायर घ्यायची. पण इथे दुसरा खड्डा आहे. मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधला आवाज सभागृहासाठी जुळवलेला असतो. तबला, हार्मोनियम मुळातच मोठ्याने ऐकू येतात म्हणून साउंडवाला त्यांना स्पीकरवर कमी ठेवतो, ते योग्यच. पण रेकॉर्डिंगमध्ये मग तबला गायब होतो. रेकॉर्डिंगसाठी मिक्सरचं वेगळं ऑक्झिलरी आउटपुट घ्यावं आणि त्याची पातळी हेडफोन लावून वेगळी जुळवावी. लाइनचा जोर माइकच्या खाचेत गेला तर आवाज फाटतो, तेही तपासावं. आणि लोकांचं काय? भाविकांसमोर माइक नसतो. निव्वळ मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये धर्मगुरू रिकाम्या चर्चमध्ये बोलत आहेत असं वाटतं, सामुदायिक उत्तरं कुठून तरी दुरून येतात. यासाठी दोन माइक लोकांकडे तोंड करून उंचावर टांगावेत, ते स्पीकरला न देता फक्त रेकॉर्डिंगला द्यावेत. हे आवाजही वेगवेगळ्या ट्रॅकवर साठवता आले तर उत्तम. चित्राला लावलेला सावरण्याचा नियम इथेही तितकाच लागू. माझ्या हाती तुटपुंजा निधी असता तर मी एक कॅमेरा कमी केला असता, हे माइक नाही.

“यूट्यूबवर लाइव्ह जातंच, तेच आपलं रेकॉर्डिंग,” ही दुसरी हरकत. लाइव्हच्या वाट्याला इंटरनेटच्या बेताने पाच-सहा मेगाबिट येतात, लाइन तुटली की तेवढा भाग विस्कटतो, आणि एखाद्या गीतावर हक्काचा दावा आला तर आवाजच बंद होऊ शकतो. तो दूरच्यांसाठीचा झरोका आहे, दप्तर नव्हे. तिसरी हरकत तरुणांची: चार मोबाइल लावू, नंतर जुळवू. दहा मिनिटांच्या नाटुकल्याला हे ठीक. पण प्रत्येक फोनचं घड्याळ आपापल्या चालीने चालतं, फोन फ्रेमचा वेगही मधेच बदलतात, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ दीड तासाने जुळत नाहीत. लग्नाच्या शूटिंगवाल्यांचे फोटोचे कॅमेरे मागून आणणार असाल तर त्यांची मर्यादा विचारून घ्या. युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यांवरचा कर चुकवण्यासाठी अशा अनेक मॉडेलांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवण्याची सोय होती. आपला त्या कराशी संबंध नाही, पण प्रवचन मध्येच तुटतं ते आपलंच.

उपासना म्हणजे सिनेमा नव्हे, हा आक्षेप मात्र मला मनापासून पटतो, आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. स्वतंत्र फाइली मिळणार असतील तर कॅमेरामनला वेदीभोवती धावावं लागत नाही. एक रुंद चित्र जागेवर घट्ट बसवावं, त्याला कुणी हात लावू नये. बाकी सगळं फसलं तरी ते उरतं. दुसरा कॅमेरा वेदी आणि वाचनपीठासाठी, तिसरा गायनमंडळ आणि लोकांसाठी. चौथी खाच गीतांचे शब्द दाखवणाऱ्या लॅपटॉपला द्यावी. मराठी ख्रिस्ती उपासनेत रुळलेलं कीर्तन असलं की कीर्तनकार एका जागी थांबत नाही. तिथे जवळच्या देखण्या चित्रापेक्षा हे रुंद चित्रच कामाला येतं. आठ चॅनेलची गरज भासलेलं चर्च विरळा.

उरलेल्या गोष्टी पटापट. साधी एचडीएमआय वायर पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. माडीवरून वेदीजवळ यायचं तर एसडीआय घ्या, ती चांगल्या वायरवर शंभर मीटरच्या आसपास चालते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरे २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, नाहीतर दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरतात. आणि यूपीएस. तो कॅमेऱ्यांच्या आधी रेकॉर्डरला आणि डिस्कला. कारण नेहमीच्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बऱ्याचदा रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज गेली तर दीड तासाचा सगळा मजकूर डिस्कवर असतो आणि फाइल उघडत नाही. काही यंत्रं मजकूर तुकड्यातुकड्याने बंद करत जातात, काही जात नाहीत, आणि माहितीपत्रकात हे सहसा लिहिलेलं नसतं. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच चारही खाचा भरून रेकॉर्डिंग सुरू करा, दहा मिनिटं थांबा आणि भिंतीतला प्लग उपटा. मग डिस्क लॅपटॉपला लावून बघा. दहातली नऊ मिनिटं तरी मिळाली पाहिजेत, पाचही फाइलींत, आवाजासकट.