घरातली जुनी बंदूक : काडतूस घेण्याआधी नळी मोजून घ्या

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या कित्येक घरांत आजोबांच्या नावावरची बंदूक अजून आहे. कुठे शेतसंरक्षणासाठी घेतलेली ठासणीची, कुठे बारा बोअरची डबल बार, कुठे फौजेतल्या कुणाची म्हणून सांगितली जाणारी रायफल. परवानाधारक गेला की वारस विचारतात, काडतुसं कितीला पडतील? तो खर्च सगळ्यात शेवटचा. आधीची कामं चुकली, तर तो करण्याची वेळही येणार नाही.

परवाना माणसाच्या नावावर असतो, बंदुकीबरोबर वारसाहक्काने येत नाही. म्हणून शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. विक्रेता सांभाळणावळ घेतो. दर महिन्याचा की वर्षाचा, हे पावतीवरच लिहून घ्या. दुरुस्तीचाही परवाना असलेला विक्रेता निवडला, तर पुढची तपासणी तिथेच होते आणि बंदूक इकडून तिकडे न्यावी लागत नाही. जमा करून विसरू मात्र नका. ठरलेल्या मुदतीत निकाल लावला नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते.

आता बोअर. लोक नावातल्या आकड्यावर विसंबतात, आणि धोका तिथेच आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे फौजेच्या एनफिल्ड रायफलच्या, नळीचं ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, हे माप आट्यांच्या उंचवट्यांमधलं आहे. गोळी आट्यांच्या खाचांत घट्ट बसावी लागते, म्हणून ती ०.३११ इंचाच्या आसपास, साधारण ७.९ मिलिमीटरची असते. युद्धकाळात घाईने बनलेल्या नळ्यांत खाचांचं माप याहून बरंच सैल निघतं. त्यात आपली खारी हवा आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार. नळी आतून खड्डे पडून खराब झालेली असते आणि बाहेरून तेल लावलेली चकचकीत दिसते.

खरं माप कारागीर काढतो. मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळूच ढकलून बाहेर काढतो आणि त्यावर उमटलेले आटे मोजतो. तुकडा कुठे अडला, कुठे सैल सरकला, यावरून नळीची झीजही कळते. एनफिल्डच्या बऱ्याच नळ्यांना पाच आटे असतात. तिथे खाचेसमोर खाच येत नाही, उंचवटा येतो, त्यामुळे साधा व्हर्नियर फसतो. घरी गज घालून हा प्रयोग करू नका. तपासणीचे पैसे द्या आणि माप लेखी घ्या.

पण रायफल खरोखर ०.३०३ची किंवा ७.६२ मिलिमीटरची निघाली, तर मोजणीवरही पैसे घालू नका. ही मापं लष्करी, म्हणजे प्रतिबंधित बोअरची. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान सात वर्षांची कैद आहे. आपल्याकडची ०.३१५ची रायफल एनफिल्डच्याच धाटणीची, त्यामुळे घरचे तिलाही थ्री-नॉट-थ्रीच म्हणतात. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये, या इंग्रजी धोरणातून ०.३१५ हे वेगळं माप इथे रुजलं, आणि ते परवान्यावर मिळतं. म्हणून आठवणीवर जाऊ नका, नळीवरचा शिक्का वाचून घ्या.

बारा बोअरमध्ये नळीइतकंच घराचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं माप महत्त्वाचं. जुन्या विलायती बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, काडतुसं ७० मिलिमीटरचीही मिळतात. लांब काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडत नाही आणि दाब वाढतो. पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नक्षीदार नळी असेल, तर आजचं काडतूस वापरूच नका. एका घरात दोन बोअर असतील, तर आणखी जपा. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं. मागून बाराचं घातलं की नळी फुटते.

कागदांचा खर्च तुलनेने हलका आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे वारसाला अर्ज करता येतो. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो हयातीतच वारसाच्या नावे करू शकतो. हा मार्ग सर्वांत स्वस्त, कारण सांभाळणावळ वाचते. बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं लागतात. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कुणी पाचशेचा मुद्रांक माथी मारला तर घेऊ नका. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची फी वेगळी. परवान्याचं शुल्क नियमांच्या चौथ्या अनुसूचीत छापलेलं आहे आणि परवाना आता पाच वर्षांचा मिळतो. अर्ज अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात, उरण-पनवेलकरांचा मात्र नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे.

नळी खराब निघाली, तर ती कापून किंवा बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. नळी आखूड करणं परवान्याशिवाय गुन्हा आहे. अशी बंदूक विक्रेत्याला विकून टाका किंवा सरकारजमा करा. नळी चांगली असेल आणि परवाना हाती आला असेल, तरच कारागिराचा लेखी कागद घेऊन दुकानात जा आणि त्या मापाचीच काडतुसं पावतीवर घ्या.