भरती-ओहोटीचा पाठ : कारण, वेळ व सावधगिरी

किनाऱ्यावरील शाळेतील मुलास भरती-ओहोटी नवी नसते. उधाण, भांग, सुकती हे शब्द तो घरूनच घेऊन येतो. तथापि, आज दुपारी बाराला आलेली भरती उद्या पाऊण वाजण्याच्या सुमारास का यावी, हे त्यास सहसा सांगता येत नाही. पाठाचा आरंभ याच प्रश्नाने करावा.

कारण : चंद्राच्या समोरील पाणी त्यास जवळ असल्याने त्यावरील ओढ अधिक असते, पृथ्वीच्या पलीकडील बाजूस ती सर्वांत कमी असते. ओढीतील या फरकामुळे दोन्ही बाजूंस पाण्याला फुगवटा येतो व दिवसात दोनदा भरती होते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा पुरा करीपर्यंत चंद्रही पुढे सरकतो. त्यास गाठण्यास सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात. म्हणून दोन भरत्यांत १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते व त्यांच्या मध्यास ओहोटी येते. सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या व पौर्णिमा या तिथींस दोघांचा प्रभाव एकत्र येऊन उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असल्याने भांगाची भरती होते.

तिथीचे गणित : कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीस ४ ची पाऊणपट ३; म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस सहाला भरती, बाराला ओहोटी. दोन्ही पक्षांस रीत एकच. हा हिशेब ढोबळ आहे. खाडीत आत भरती उशिरा पोचते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची वार्षिक कोष्टके पाहावीत.

सावधगिरी : पाणी सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांच्या ठोकताळ्याप्रमाणे सहा तासांत ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी चढते. एकूण चढ ३.६ मीटर धरल्यास पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, परंतु तिसऱ्या तासात ९० सेंटिमीटर! खडकावर कालवे वेचणारे मूल पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबते आणि तिसऱ्या तासात अडकते. हे उदाहरण मुलांकडून फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास ओहोटीत पायी जाता येते. अशी सहल नेताना पाणी उतरत असतानाच निघावे व ते पुन्हा चढू लागण्यापूर्वी परतावे. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे हटत नाही. त्यामुळे ओहोटीची वेळ साधली तरी वाट पुरती उघडी पडेलच असे नाही. स्थानिक कोळीबांधवांस विचारल्यावाचून मुलांस पाण्यात उतरवू नये.

स्वाध्याय : मुलांनी वडीलधाऱ्यांसह धक्क्यावरून पंधरा दिवस दिवसाच्या भरतीची वेळ तिथीसह नोंदवावी व पाऊणपटीच्या हिशेबाशी ताडून पाहावी.