पत्रांच्या पेटीवर नजर ठेव

बाळा, मासिक काढतोयस, फार बरं वाटलं. लेखक, मुखपृष्ठ, छापखाना यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मी वाचकांच्या पत्रांचं सांगते, कारण पहिलं वर्ष हौसेवर निघतं आणि दुसरं वर्गणी पुन्हा भरणाऱ्यांवर. आत्याचं एवढं ऐक.

१. पत्र आलं की पाकिटावर तारीख टाक आणि आठवड्याच्या आत दोन ओळींचं उत्तर धाड – उत्तर मिळालेला माणूस वर्गणी भरताना फार विचार करत बसत नाही.

२. ‘अंक मिळाला नाही’ हे पत्र सगळ्यात आधी हातात घे. टपालखात्याला दोष देत बसू नकोस, दुसरी प्रत त्याच दिवशी पाठव – एका प्रतीचा खर्च सोसतो, तुटलेला वर्गणीदार सोसत नाही. पाठवण्याआधी पिनकोडचे सहाही आकडे तपास. पत्ता चुकला, वाचक मुकला.

३. स्तुतीचं पत्र भिंतीवर, तक्रारीचं टेबलावर – तक्रार करणाऱ्याला पुढचाही अंक वाचायचा असतो, म्हणून तर तो लिहितो.

४. पोस्टकार्ड शेवटाकडून वाचायची सवय लाव. वर ‘स.न.वि.वि.’, मग अंकाचं कौतुक, आणि जागा संपत आली की कडेला आडव्या बारीक अक्षरात ‘टाइप फार लहान आहे, आईला वाचता येत नाही’ – खरं काम त्या ओळीत असतं.

५. पत्रांच्या गठ्ठ्यावरून पुढच्या अंकाच्या प्रती ठरवू नकोस – लिहिणारे थोडे, मुकाट वाचणारे फार. प्रती ठरवायच्या त्या विक्रेत्यांकडून परत आलेले अंक मोजून. लोकांनी काय वाचलं हे पत्रं सांगतात, किती घेतले हे परतीचे गठ्ठे.

६. टीकेचं पत्र छापण्याआधी ज्याच्या लेखावर टीका आहे त्याला दाखव – त्याचं उत्तर त्याच अंकात आलं की वाद महिनाभर नासत नाही.

७. पत्र लहान करावं लागलं तर ‘संक्षिप्त’ असं लिही आणि अर्थाला हात लावू नकोस. नाव आणि गाव छाप, घरचा पत्ता नको.

८. पान भरायला स्वतः पत्रं लिहू नकोस – घरच्या शाईचा वास गावाला येतो.

९. चांगलं लिहिणारा पत्रलेखक दिसला की त्याला लेख माग. लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये लिहिली ती पत्रंच होती, १०८ झाली. ‘प्रभाकर’ केव्हाच बंद पडलं, पण ‘शतपत्रे’ आजही वाचली जातात – म्हणून पत्रांच्या पानाला उरलीसुरली जागा देऊ नकोस, हे मी अगदी मनापासून सांगते.

१०. जाहिरातदाराच्या मालाबद्दल तक्रार आली तर आधी खात्री कर, त्याचं म्हणणं घे आणि मग दोन्ही छाप – दाबलेलं पत्र चहाच्या टपरीवर छापलं जातं. वाचकांचा विश्वास असलेल्या अंकातच जाहिरात टिकते, हे जाहिरातदारालाही ठाऊक असतं.

११. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, त्यानंतर दिवाळीच्या खरेदीत मराठी घरांनी अंकाचाही खर्च धरायला सुरुवात केली. तुझ्या दिवाळी अंकात एक छापील कार्ड घाल आणि ‘आधी काय वाचलंत, काय अर्धवट सोडलंत?’ एवढंच विचार – नवा वाचक त्याच अंकातून येतो, आणि जानेवारीत तो का टिकला किंवा का गेला हे त्या कार्डांवरून कळतं.

१२. मार्चमध्ये वर्गणी संपणाऱ्यांची यादी जानेवारीतच काढ. छापील स्मरणपत्राखाली हाताने एक ओळ लिही, ‘तुम्ही कळवलं होतंत, टाइप मोठा केलाय’ – आणि सोबत मोठ्या टाइपाचा ताजा अंक जोड.